'घरगुती आहे' एवढ्यावर खोली घ्यावी का?

रानजाई
मालवणात चार दिवस एकटी राहून आले. वय ४३, नवरा आणि मुलगा घरी सुखरूप, भांडण वगैरे काही नाही. हे आधीच सांगते, कारण वाटेत भेटेल त्याने विचारलं.

एकटी बाई निघाली की सगळ्यांचा सल्ला एकच: 'घरगुती बघ, लॉजवर राहू नकोस.' मीही तेच केलं. काका-काकू भले, सोलकढी तर अशी की दोनदा मागून घेतली. पण खोलीला मागचं दार होतं आणि त्याची कडी बाहेरून. शिवाय पाण्याच्या मोटारीचा स्विच माझ्याच पडवीत. रात्री साडेअकराला पडवीत पावलं वाजली. पुतण्या मोटार बंद करायला आला होता, बाकी काही नाही. त्याने माझ्या खिडकीकडे बघितलंही नसेल. पण मी मागच्या दाराला प्लास्टिकची खुर्ची लावली, तिच्या कडेवर स्टीलचा पेला ठेवला आणि पहाटेपर्यंत त्या पेल्याकडे बघत बसले.

उरलेले दिवस जवळच तारकर्लीला एमटीडीसीच्या, म्हणजे सरकारी पर्यटन महामंडळाच्या रिसॉर्टवर काढले. तिथे 'मिस्टर नाही आले?' असं कोणी विचारलं नाही आणि शांत झोप लागली. माणसं चांगली आहेत की नाहीत हे फोनवर कळायला मार्ग नाही. कडी आतून आहे का, हे मात्र विचारता येतं. तेच विचारावं असं माझं मत झालंय.

पेन्शनर
एवढा खटाटोप कशाला? खास महिलांच्या सहली निघतात. बरोबर टूर मॅनेजर, खोलीत जोडीदारीण. आमची ही दरवर्षी जाते, खुशीत परत येते.

रानजाई
वहिनींना शुभेच्छा. पण मला एकटीलाच जायचं होतं हो, तोच तर मुद्दा.

सुपारी
अजिबात पटलं नाही. मी ऑडिटच्या कामासाठी महिन्यातले दहा-बारा दिवस तालुक्याच्या गावी असते, आणि हौस म्हणून नाही, पोटासाठी. लॉजचे नमुने ऐका. खाली परमिट रूम आणि जिना दोघांचा एकच. काउंटरवरचा मुलगा 'मॅडमला दोनशे चार दे रे' असं सगळ्या लॉबीला ऐकू जाईल असं ओरडतो. एका ठिकाणी तर रात्री दहानंतर तीनदा फोन, 'मॅडम, काही हवंय का?' दाराला आतून दोन दोन कड्या होत्या, झोप तरीही नाहीच. तेव्हा कडीचं एवढं कौतुक नको.

उलट एका गावात काकूंकडे उतरले होते तेव्हा ताप भरला. त्या रात्री दोनदा उठून बघून गेल्या, सकाळी पेज आणि लिंबाचं लोणचं. रिसॉर्टमध्ये कपाळाला हात कोण लावणार? आठ वाजून गेले की त्याच काकू फोन करतात, 'कुठवर पोचलीस?' कोणीतरी आपली वाट बघतंय, हे मला कुलपापेक्षा मोठं वाटतं.

रानजाई
पेज आणि 'कुठवर पोचलीस' हे एकाच ताटात येतं, एवढंच म्हणते. मला समुद्रावर रात्री नऊपर्यंत बसायचं होतं. नऊ वाजता काकांनी बॅटरी घेऊन माणूस पाठवला. प्रेमानेच. पण घरी याच गोष्टीला मी वैतागते, तर पैसे भरून का घ्यावी?

लाल_डबा
राहायच्या जागेइतकीच पोचायची वेळ महत्त्वाची. मुंबईहून कोकणकन्या एक्सप्रेसने रात्री निघालं की सकाळी कुडाळ. तिथून मालवण तीसेक किलोमीटर, उजेडात पोचता, जागा नाही आवडली तर दुसरी शोधायला अख्खा दिवस हातात. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, दोन ठिकाणं बघून ठरवायला काय लागतं? आणि आधारची झेरॉक्स देऊ नका. मास्क्ड आधार डाउनलोड होतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

वाडीतली
मी स्वतः खोल्या देते, मालवणच्याच बाजूला. (रानजाई, तुम्ही आमच्याकडे नव्हता, खात्री केली!) दोन गोष्टी.

'मिस्टर येणार का' हे आम्ही का विचारतो ते कोणी तोंडावर सांगत नाही, मी सांगते. एकटं माणूस आलं, बाई असो की बुवा, की पोटात गोळा येतो. इथे येऊन जीवाचं काही करून घेतलं तर? पंचनामा, पोलीस स्टेशनच्या फेऱ्या, गावभर गजाली आणि सीझन गेला. चौकशी नसते ती, धास्ती असते. मोठ्या हॉटेलला एवढं वाटत नाही, आम्ही त्याच घरात झोपतो.

दुसरं, मागच्या दाराचं. आमच्याकडे पाहुण्यांची खोली बहुतेक आधीची सामानाची खोली. नारळ, सुकी लाकडं, मुलांच्या जुन्या सायकली. आत झोपणारं कोणी नव्हतंच, म्हणून कडी परसाच्या बाजूने. नंतर रंग लागला, टाइल्स आल्या, एसी बसला. कडी राहिली तिथेच. सरकारचं 'आई' धोरण आलं, बायकांना पर्यटनाच्या धंद्यासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा आहे, मीही त्या कागदांच्या मागे आहे. त्यातून अंगणात झोपाळा घ्यायचं ठरवलं होतं. कडीचं डोक्यातच आलं नाही, खोटं कशाला बोलू.

सुपारी
वाडीतली, तुमच्याकडे मी डोळे झाकून येईन. पण पडवीतला मोटारीचा स्विच?

वाडीतली
स्वयंपाकघरात आहे, नशिबाने. मागची कडी आत्ता जाऊन बघितली. बाहेरूनच. सुताराला फोन केलाय, शनिवारी येतो म्हणाला.

लाल_डबा
कोकणातला सुतार ना? कुठला शनिवार ते विचारलंत का?