गरोदर बहीण आणि हार्टचे पेशंट वडील: मासे कोणते चालतील, कोणते टाळू?

जाईजुई
नमस्कार मंडळी. माझ्या बहिणीला चौथा महिना चालू आहे. डॉक्टरांनी मासे खायला सांगितलेत, पण तिने पाऱ्याबद्दल कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून मासे पूर्ण बंद केलेत. घरात वडीलही आहेत. त्यांना हार्ट अटॅक येऊन गेलाय, शिवाय युरिक अॅसिड वाढतं आणि अधूनमधून पायाचा अंगठा सुजतो. दोघांनी काय खावं आणि काय टाळावं? नीट माहिती असणाऱ्यांनी कृपया लिहा, काळजी वाटतेय.

दीपस्तंभ
जाईजुई, मासे बंद करणं हा उपाय नाही, हे बहिणीला आधी सांगा. बाळाच्या मेंदूची आणि डोळ्यांची घडण होताना डीएचए हे ओमेगा-३ प्रकारचं मेदाम्ल लागतं आणि आहारातून ते मुख्यतः माशांतूनच मिळतं. आयोडीन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्वही सोबत येतं. अमेरिकेची एफडीए (अन्न आणि औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) गरोदर बायकांना मासे सोडा असं सांगत नाही. कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला साधारण २२५ ते ३४० ग्रॅम खा, असं सांगते.

आता पारा. पाण्यातले जिवाणू त्याचं मिथिलमर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं विषारी रूप, करतात. ते आधी सूक्ष्म जिवांत, मग लहान माशांत आणि त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत जातं. मोठा शिकारी मासा बरीच वर्षं जगतो आणि तितकी वर्षं ते त्याच्या अंगात साठत राहतं. एफडीएच्या तपासण्यांत सार्डिनमध्ये सरासरी ०.०१३ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) पारा होता, सॅल्मनमध्ये ०.०२२, शार्कमध्ये ०.९७९ आणि स्वोर्डफिशमध्ये ०.९९५. सारख्याच वजनाच्या तुकड्यांत सत्तरपटींहून जास्त तफावत! म्हणून "मासे चांगले की वाईट" या प्रश्नाला उत्तरच नाही, कोणता मासा ते आधी सांगावं लागतं.

बहिणीने शार्क (मोरी, मुशी), स्वोर्डफिश, मार्लिन, बिगआय ट्यूना आणि किंग मॅकरेल अजिबात खाऊ नये. किंग मॅकरेल सुरमईच्याच कुळातला आहे, त्यामुळे मोठ्या सुरमईच्या बाबतीतही मी हात आखडताच ठेवेन. तारली, छोटे बांगडे, सॅल्मन निर्धास्त खावेत.

कातडी काढली, खूप वेळ शिजवलं तरी पारा जात नाही, कारण तो मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. (पीसीबीसारखी प्रदूषकं चरबीत असतात, तिथे कातडी आणि चरबी काढल्याचा उपयोग होतो.) रक्तातला पारा निम्मा व्हायलाही साधारण दीड-दोन महिने लागतात. त्यामुळे ज्या मुली बाळाचा विचार करताहेत त्यांनी आधीपासूनच सांभाळावं.

कडुनिंब
वडिलांबद्दल लिहितो. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांवरचा 'डार्ट' नावाचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेलकट मासे खायला सांगितलेल्या गटात दोन वर्षांतले मृत्यू २९ टक्क्यांनी कमी होते. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत इतका फायदा दिसला नाही, पण आठवड्यातून दोनदा मासे हा सल्ला आजही दिला जातो. मात्र तळून नको, वाफवून किंवा भाजून.

अडचण अशी की हृदयाला जे मासे सर्वात चांगले, त्यांतच प्युरीन नावाचं द्रव्य भरपूर. तारली, अँकोव्ही, बांगडा, तिन्हींत. प्युरीनचं शरीरात युरिक अॅसिड होतं. अंगठा सुजलेला असताना हे मासे बंदच ठेवा. एरवी किती चालतील ते ताज्या रिपोर्टवर डॉक्टरांना ठरवू द्या, आपल्या मनाने नको. खारवलेले सुके मासे मात्र त्यांना देऊच नका, मीठ फार असतं.

रानपाखरू
ताजेपणाबद्दल कुणीच लिहिलं नाही! बांगडा, तारली, ट्यूना हे मासे पकडल्यानंतर गार ठेवले नाहीत तर जिवाणू त्यांत हिस्टामीन तयार करतात, आणि एकदा झालेलं हिस्टामीन शिजवून जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, डोकं दुखतं, अंगावर गांधी उठतात. लोकांना वाटतं माशाची अॅलर्जी आहे आणि ते कायमचे मासे सोडतात. खरी अॅलर्जी वेगळी आणि ती जिवावर बेतू शकते, म्हणून असं काही झालं तर तपासणी करून घ्याच. मासा आणल्यापासून ४ अंशांखाली ठेवा.

बहिणीने कच्चा मासा किंवा न शिजवलेला स्मोक्ड सॅल्मनही खाऊ नये. कच्च्या माशातले अॅनिसाकिससारखे जंत नीट गोठवून मरतात, पण लिस्टेरिया हा जिवाणू गोठवूनही टिकतो, आणि गरोदरपणात त्याचा संसर्ग बाळापर्यंत पोचतो. आतपर्यंत ६३ अंश तापमान गाठेल असा शिजवा. मांस पांढरं पडून सहज सुटलं की झालं.

जाईजुई
सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीला आत्ताच हे वाचून दाखवलं. अजून दोन शंका: डब्यातला ट्यूना चालेल का? आणि वडिलांना माशांऐवजी फिश ऑइलच्या गोळ्या दिल्या तर?

दीपस्तंभ
डब्यावर 'लाइट' किंवा 'स्किपजॅक' असेल तर चालेल. 'अल्बाकोर' किंवा 'व्हाइट' असेल तर पारा जवळपास तिप्पट, तो आठवड्यातून एखाद्या वेळीच, तोही थोडा.

कडुनिंब
गोळ्या म्हणजे माशांची जागा नव्हे. २०१८ च्या 'व्हायटल' अभ्यासात सुमारे २६ हजार लोक होते. रोज १ ग्रॅम फिश ऑइल घेऊनही हृदयविकाराच्या मोठ्या घटना लक्षणीय कमी झाल्या नाहीत. ते लोक आधी हृदयविकार नसलेले होते, त्यामुळे वडिलांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही. पण मोठ्या डोसने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. त्यांच्या कार्डिओलॉजिस्टने लिहून दिल्या तरच द्या. आणि कॉड लिव्हर ऑइलची बाटली घरात असेल तर बहिणीला त्यातलं देऊ नका. त्यात अ जीवनसत्त्व खूप असतं आणि त्याचा अतिरेक पोटातल्या बाळाला अपायकारक आहे.