स्विफ्ट डिझेल: इंजिनचं काम करावं की नवीन इंजिन टाकावं?

सातारकर: घरची स्विफ्ट डिझेल, २०१२ची, २ लाख ४० हजार किमी झालेली. खंबाटकी चढताना निळा धूर सोडते, हजार किमीला लिटरभर ऑइल खाते. गॅरेजवाले म्हणतात इंजिन उतरवून पूर्ण काम करू, ९० हजार. नवीन इंजिन दोन लाखांच्या पुढे. बॉडी ठणठणीत आहे, गाडी विकायची नाही. माझा कल नव्याकडे आहे.

बोअरगेज: नव्याचा विचार सोडा. हे फियाटचं १२४८ सीसी मल्टिजेट, ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला मुख्य सांगाडा, बिडाचा. असं इंजिन भंगारात घालवायचं नसतं. आणि खोलण्याआधी टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बघा. इंटरकूलरच्या (ती हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपात ऑइल साचलं असेल तर धूर टर्बोचाही असू शकतो. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासा. त्यातही कमी दिसलं तरच हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवा आणि सिलिंडरला गेज लावायला सांगा: वर, मध्ये, खाली, प्रत्येक ठिकाणी उभं-आडवं. झीज सगळ्यात जास्त पिस्टनभोवतीच्या वरच्या रिंगच्या पट्ट्यात सापडते, कारण दाब आणि उष्णता तिथेच जास्त आणि ऑइल कमी. पिस्टन बाजूला रेटतो म्हणून सिलिंडर लंबगोल होतो. नुसत्या नव्या रिंगा टाकल्या तर त्या लंबगोलात बसणारच नाहीत, महिनाभरात धूर परत.

ठाणेकर७२: हे सगळं मोजणारा माणूस मिळतो कुठे? आमच्या टॅक्सीचं इंजिन एका गॅरेजने केलं. क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) घासून आणला, पण ऑइलच्या वाटा धुतल्याच नाहीत. घासलेल्या लोखंडाची कीस आत राहिली आणि बेअरिंग धरलं. हेडचे जुनेच बोल्ट परत आवळले होते, जे ताणले जातात आणि बदलायचे असतात. दुसऱ्यांदा खर्च, आणि तितके दिवस धंदा बंद. नव्या इंजिनाला वॉरंटी असते, कोणाच्या हातावर अवलंबून राहावं लागत नाही. सातारकर, पैसे असतील तर नवीनच टाका.

बोअरगेज: तो दोष कामाचा आहे, पद्धतीचा नाही. अंदाजपत्रकात टायमिंग चेन, टेन्शनर, ऑइल पंप, बेअरिंग आणि नवे हेड बोल्ट वेगवेगळे लिहून घ्या. यातलं काही वगळून किंमत खाली आणत असतील तर त्या गॅरेजला गाडी देऊ नका.

कागदपत्रवाला: नवीन इंजिन किंवा हाफ इंजिन (हेडशिवायचा खालचा अर्धा भाग), दोन्हींत इंजिन नंबर बदलतो, कारण तो ब्लॉकवर असतो. आरटीओत आरसीवर नोंद आणि विमा कंपनीला कळवणं आलंच. मारुतीने एप्रिल २०२०पासून डिझेल गाड्या बंद केल्या आहेत, त्यामुळे आधी इंजिन मिळतंय का ते विचारा. शिवाय २०२७ला १५ वर्षं पूर्ण, म्हणजे पासिंग आणि पर्यावरण कर. त्या गाडीत दोन लाख घालणं मला पटत नाही.

सातारकर: कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून जुनं इंजिन आणलं तर?

ठाणेकर७२: नको. किती चाललंय, कोणत्या गाडीतून उतरवलं, काहीच कळत नाही. बिल आणि मूळ गाडीचे कागद नसतील तर नंबर चढणारही नाही. त्यापेक्षा बोअरगेज म्हणतात तसं काम परवडलं.

बोअरगेज: क्रँक तडकलेला किंवा ब्लॉकला चीर निघाली तर मात्र मीही नव्याच्या बाजूने. आधी टर्बोचा पाइप काढून बघा.