मदत हवी आहे : बाणाला नट-वॉशरची घरगुती बोथट टोकं, आटे जुळत नाहीयेत

नमस्कार मंडळी, नाशिकला कोणी तिरंदाजी करणारं असेल, नाहीतर सातपूर-अंबडला लेथवर काम करणारं कोणी असेल तर जरा डोकं लावा.

माझ्याकडे ३० पाउंड ओढीचं टेकडाउन रिकर्व्ह (सुटं होणारं, टोकं पुढे वळलेलं) धनुष्य आहे, बाण कार्बनचे आणि पुढे इन्सर्टमध्ये (नळीच्या तोंडात बसवलेल्या आट्यांच्या तुकड्यात) स्क्रू होणारे १०० ग्रेनचे, म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅमचे, साधे टोकदार फील्ड पॉइंट. फोमच्या टार्गेटवर काहीच प्रॉब्लेम नाही. प्रॉब्लेम आहे गिरणारेला मामांच्या शेतात, तिथे आम्ही बांधाने चालत चालत मारतो, कधी कुजलेलं खोड, कधी ढेकूळ, कधी हवा गेलेला फुटबॉल, अंतर मोजायचं नाही, दिसलं की मारायचं. याला स्टम्प शूटिंग म्हणतात आणि खरं सांगायचं तर टार्गेटपेक्षा यातच मजा येते. पण पावसाळा संपला की बांधावर गवत कमरेपर्यंत असतं आणि नेम चुकला की बाण गवताच्या बुडाशी आडवा सरपटत जातो, वरून पिसंसुद्धा दिसत नाहीत, मग आम्ही सगळे वाकून पायाने चाचपडत फिरतो आणि मामी वरून ओरडतात की तेवढ्यात निंदणी तरी झाली असती.

यावर उपाय म्हणजे बोथट टोक, त्यातही ज्याला बाजूने स्प्रिंगच्या तारेच्या नख्या असतात ते ज्यूडो पॉइंट. नख्या गवतात अडकतात, बाण जागीच कोलांटी मारतो आणि शेपूट वर करून पडतो. पण ते बाहेरून मागवायचं तर पाठवणावळच टोकापेक्षा जास्त, आणि शेवटी आहे काय त्यात, लोखंडाचा तुकडा आणि तार. म्हणून म्हटलं हार्डवेअरच्या सामानातून करू.

आधीच सांगतो, शिकारीसाठी विचारत नाहीये. यूट्यूबवर अमेरिकेतले लोक हीच टोकं ससे-खारींसाठी करतात, कारण टोकदार पॉइंट छोट्या जनावरातून आरपार जातो आणि ते तसंच पळून जातं, बोथट टोक धक्क्याने मारतं. तिकडे लायसन्स आणि सीझन असतो. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, त्यात नुसता प्रयत्न केला तरी ती शिकारच धरतात आणि शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचं नाव लिहिलेलं आहे. तेव्हा 'एखादा ससा मिळेल का' वाल्यांनी कृपया दुसरीकडे जावं.

आता मुद्दा. रविवार कारंजाजवळच्या एका दुकानातून एम४ चे (४ एमएम जाडीचे) बोल्ट, एम८ चे डोम नट (गोल टोपीचे) आणि मूठभर वॉशर आणले. कल्पना अशी की बोल्टच्या डोक्यावर डोम नट बसवायचा आणि बोल्ट इन्सर्टमध्ये पिळायचा. पण एम४ चा बोल्ट दोन-तीन आटे जातो आणि मग अडकतो, जोर लावला तर इन्सर्टचेच आटे जातील असं वाटतं. दुकानदार म्हणतो आपल्याकडे सगळं एमएममध्येच येतं. मग हे आटे आहेत तरी कुठले? दुसरं, वजन किती वाढलेलं चालतं? आणि नख्यांसाठी तार कुठली घ्यावी, सायकलचा स्पोक वाकवून पाहिला तर तो वाकलेलाच राहतो, परत सरळ येत नाही.

प्रतिसाद १

भाऊ जोर लावू नका. बाणाच्या इन्सर्टचे आटे ८-३२ असतात, म्हणजे ८ नंबरचा स्क्रू आणि इंचाला ३२ आटे. व्यास ४.१७ एमएम आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.७९. एम४ चा व्यास ४ आणि पिच ०.७, म्हणून सुरुवातीला गेल्यासारखा वाटतो आणि मग पिचमधला फरक साठत जाऊन अडकतो. पिळून घातलात तर ऍल्युमिनियमचा इन्सर्ट कायमचा बाद.

पण तुमच्या कामाला बोल्ट लागतच नाही. फील्ड पॉइंट आहेतच ना, ते काढायचे, त्यांच्या दांडीत एम५ चा वॉशर घालायचा आणि परत पिळायचे. एम४ चा नको, कारण दांडीला डोक्याजवळ बिनआट्याचा जाड भाग असतो, तो ५ एमएमच्या जरा वर भरतो; एम५ च्या वॉशरचं भोक ५.३ एमएम असतं, त्यातून तो जातो. बाहेरचा व्यास १५ एमएमवाला मोठा वॉशर घ्या, त्याच्यामागे एक स्टार वॉशर (दातेरी) टाका म्हणजे पॉइंट सैल पडणार नाही. टोक थोडं घुसतं, वॉशर अडतो, बाण सरपटत नाही. निम्मं काम इथेच झालं. फक्त वॉशर जाड घेऊ नका, तेवढेच आटे कमी बसतात.

प्रतिसाद २

वजनाचं सांगतो. १ ग्रॅम म्हणजे साधारण १५.४ ग्रेन. वर सांगितलेला १५ एमएमचा वॉशर दीड ग्रॅमच्या आसपास, म्हणजे २२-२३ ग्रेन, चालून जाईल. पण काही लोक २५ एमएमचा पेनी वॉशर (बारीक भोकाचा, रुंद) घालतात, तो एकटाच साडेचार ग्रॅमच्या घरात जातो म्हणजे जवळपास ७० ग्रेन, आणि तुमच्या ३० पाउंडाच्या धनुष्याला पुढे इतकं ओझं नको. पुढे वजन वाढलं की सुटताना बाण जास्त वाकतो, मऊ असल्यासारखा वागतो, उजव्या हाताचे असाल तर बाण उजवीकडे जायला लागतील आणि तुम्ही नेमाला दोष द्याल. एम८ चा डोम नट कार्बनवर विसरा. सराफाकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या आणि सगळी टोकं एकसारखी करा, टोक कुठल्या आकाराचं आहे त्यापेक्षा हे महत्त्वाचं.

धागाकर्ता

वॉशरवालं आज करून पाहिलं, आटे छान बसले. एम५ चा वॉशर घालायचं डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद दादा. पण उंच गवतात नुसत्या वॉशरने भागेल असं वाटत नाही, तारेचं सांगा ना कोणीतरी.

प्रतिसाद ३

मी अंबडला टर्नर आहे, तिरंदाजीतलं कळत नाही पण लोखंडाचं सांगतो. स्पोक स्प्रिंग स्टील नाही, तो वाकणारच. कपडे वाळत घालायच्या चिमट्याची स्टीलची स्प्रिंग घ्या, तिचे दोन पाय आधीच बाजूला निघालेले असतात, मधल्या गुंडाळीतून तुमच्या पॉइंटची दांडी जाते का ते मापून बघा, गेली तर प्रश्नच मिटला. पाय पक्कडने थोडे पुढे वाकवायचे, तापवायचं मात्र नाही, तापवली की स्प्रिंगची स्प्रिंग राहत नाही. टोकं कानसने गोल करा, हात फाटतो.

आणि पूर्ण टोकच करून हवं असेल तर एमएसचा (साध्या मऊ स्टीलचा) १० एमएम जाड रॉड आणा. १ सेंमीचा तुकडा ६ ग्रॅमच्या जरा वर भरतो. पुढचं डोकं ११ एमएम लांब ठेवलं आणि मागे १२ एमएम लांबीची दांडी काढून ८-३२ चे आटे पाडले की मिळून ८ ग्रॅम, म्हणजे तुमच्या भाषेत १२५ ग्रेनच्या आसपास. १०० हवं असेल तर डोकं ८-९ एमएम लांब ठेवायचं. आपल्या लेथवर इंची आटे पडतात, गियर बदलायचा फक्त. एकदोन नगासाठी कोणी मशीन लावणार नाही, डझनभर एकदम सांगा आणि नमुना म्हणून जुना पॉइंट सोबत न्या, मापं तोंडी सांगू नका.

प्रतिसाद २

टर्नरभाऊंनी सांगितलंय ते एक नंबर, पण कार्बनवर बोथट टोक लावून दगडावर मारलं तर सगळा धक्का इन्सर्टवर येतो, तो मागे सरकतो आणि नळी आतून फाटते. ढेकळं आणि खोडं ठीक, बांधाचे दगड नकोत. प्रत्येक वेळी बाण उचलला की दोन्ही हातांत धरून थोडा वाकवून कानाशी न्या, कर्र आवाज आला तर तिथेच मोडून टाका, तो परत दोरीला लावायचा नाही, फुटला की तुकडे थेट हातात घुसतात. आणि बोथट म्हणजे निरुपद्रवी नाही, शेळी काय माणूस काय, डोळ्यावर बसला तर गेलाच. बांधापलीकडे कोणी निंदायला बसलेलं नाही ना ते बघूनच सोडा.

अजून एक, गिरणारेला मामांचं शेत आहे तोवर ठीक, पण नांदूरमध्यमेश्वरकडे कधी पक्षी बघायला गेलात तर धनुष्य डिकीतसुद्धा नको. अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, गार्डला स्टम्प शूटिंग समजावत बसाल.

धागाकर्ता

चिमट्याची स्प्रिंग! मामींच्या दोरीवरचे दोन चिमटे आत्ताच कमी झालेत. गुंडाळी दांडीला थोडी सैल पडतेय, मधे एखादी बारीक रबरी वायसर घालून पाहतो. रॉडचं डझनाचं काम शनिवारी घेऊन येतो दादा, शनिवारी चालू असतं ना की वीज बंद?

प्रतिसाद ३

शनिवारी वीज बंद. रविवारी सकाळी या, नमुना विसरू नका.