नेपोलियन पालथा का पडत नाही

'नेपोलियन डुक्कर म्हणजे स्टालिन, एवढं कळलं की ॲनिमल फार्म संपली, बाकी नुसता द्वेष' हे जॉर्ज ऑरवेलच्या या कादंबरीबद्दलचं मत मला अजिबात पटत नाही. यात प्राणी शेताचा ताबा घेतात आणि नेपोलियन त्यांचा हुकूमशहा बनतो. आठवं प्रकरण परत काढून बघा. फ्रेडरिक हा शेजारचा शेतमालक लाकडाच्या बदल्यात खोट्या नोटा देतो आणि नंतर हल्ला करतो. हा सरळ १९३९चा हिटलर-स्टालिन करार आणि जून १९४१चं जर्मनीचं रशियावरचं आक्रमण. पण त्याच हल्ल्यात प्राण्यांनी बांधलेली पवनचक्की स्फोटाने उडते तेव्हा नेपोलियन सोडून सगळे प्राणी जमिनीवर पालथे पडतात. आधीच्या मजकुरात नेपोलियनसकट सगळे पडत होते! मार्च १९४५ मध्ये, पुस्तक छपाईच्या वाटेवर असताना, ऑरवेलने प्रकाशकांना पत्र पाठवून तेवढी जागा बदलायला सांगितली. जर्मन फौजा चालून आल्या तेव्हा स्टालिन मॉस्कोतच थांबला होता, म्हणून हा बदल त्याला न्याय देणारा ठरेल, एवढंच ऑरवेलचं कारण.

ज्याची राजवट इतक्या पोटतिडकीने उघडी पाडली, त्या स्टालिनच्या बाबतीतही ऑरवेलने न्यायाचं हे भान पाळलं. मला तरी हे फार मोठं वाटतं. द्वेषाचा आरोप करण्याआधी एवढं लक्षात घ्यायला हवं.