जाड जाकीट नको, छातीशी पेपर

थंडीत सायकल चालवायला जाड जाकीट घ्यावं का, असं एकाने विचारलंय. माझं मत, नको. परभणीत पारा ५-६ अंशांवर येतो खरा, पण दहा मिनिटं पायडल मारलं की अंग तापतंच. दौलताबादचा घाट चढताना घाम, आणि खुलताबादहून परत उतरताना तोच घाम बर्फ! सुती बनियन तर ओलीच राहते. आत लगेच सुकणारा टी-शर्ट, वर पातळ विंडचीटर, बस्स. उतार लागायच्या आधी जुना पेपर घडी करून छातीशी सारायचा. फुकटातला उपाय, पण वारा अडतो. हातमोजे मात्र हवेतच, नाहीतर ब्रेकवर बोटं वळत नाहीत. बाकी ऑफ-सीझन, म्हणजे सायकल बंद ठेवायचा काळ म्हणाल, तर आपल्याकडे तो मे महिन्यात. तेव्हा माझी सायकल भिंतीला टेकलेली, आणि मी कूलरसमोर.