मदत हवी आहे: नवऱ्याला डिमेन्शिया, मृत्युपत्रासाठी वकील कसा निवडावा?

यांचा डिमेन्शिया सुरुवातीच्या टप्प्यात आहे. सकाळी बोलणं अगदी स्वच्छ. संध्याकाळी स्वतःचीच सही परक्यासारखी बघत बसतात. आमची जुनी मृत्युपत्रं एकमेकांच्या नावे आहेत. मी आधी गेले तर सगळं यांच्या हाती येईल आणि यांना ते सांभाळता येणार नाही, म्हणून माझा वाटा ट्रस्टमध्ये ठेवायचा विचार आहे. मुखत्यारपत्र यांना समजतंय तोवरच व्हायला हवं, त्याची घाई आहे. डॉक्टरांचा क्षमतेचा दाखला घेतलाय. मुलांमध्ये वाद नाहीत.

दोन वकिलांना भेटलो. दोघेही माझ्याशीच बोलले, यांना एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. फार लागलं मनाला.

दोघांना एकच वकील चालेल की यांना वेगळा हवा? आणि अशी प्रकरणं त्याने खरंच हाताळलीत का, हे पहिल्या भेटीत काय विचारलं तर कळेल?