अटलांटिकातलं लो सबट्रॉपिकल होतंय का, हे पाहायला साइट सुचवा

ढगवेडा_नागपूर
राम राम मंडळी. बर्म्युडाच्या पूर्वेला, भर अटलांटिकात एक कमी दाबाचं क्षेत्र, म्हणजे लो, घुटमळत बसलंय. मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरनं त्यावर पिवळा रंग टाकलाय, म्हणजे वादळ बनण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या आत. आसपास वस्ती नाही, त्यामुळे निवांत पाहता येतं. विंडी या हवामानाच्या साइटवर रंग छान दिसतात, पण हे सबट्रॉपिकल, म्हणजे अर्धं उबदार-अर्धं थंड, वादळ होणार की साधं थंड हवेचं लो राहणार, ते त्यावरून उमगत नाही. फुकटातल्या साइट सुचवा. सकाळी ड्युटी असते, रात्रीचं जागरण जमत नाही. घरचे तसेही विचारतातच, "आपल्याकडे अंबाझरी भरला का ते पाहायचं सोडून हे काय पाहून राहिला बे?"

सोनेगावकर
भाऊ, आधी उपग्रह, मग मॉडेल (संगणकाचा अंदाज). कोलोराडो स्टेट विद्यापीठाच्या संस्थेची स्लायडर ही उपग्रह-चित्रांची साइट उघडा, त्यात गोज-ईस्ट हा अमेरिकी उपग्रह निवडा. दर दहा मिनिटांनी नवं चित्र येतं. तिकडे सूर्य उगवतो तेव्हा आपल्याकडे दुपारचे तीन-साडेतीन वाजलेले असतात. तो अर्धा-पाऊण तास सोडू नका. तिरप्या उन्हात खालच्या ढगांच्या सावल्या पडतात आणि भोवरा कुठे फिरतोय ते उघडं पडतं. भर दुपारच्या उन्हात तेच चित्र सपाट दिसतं. भोवरा नुसता दिसून भागत नाही, त्याच्याभोवती गडगडाटी ढग टिकायला हवेत. संध्याकाळी फुलले न् सकाळी विरले, तर सेंटरवाले नाव देत नाहीत.

तर्रीबाज
काऊन जी, अटलांटिक कशाला? आपला पाऊस बंगालच्या उपसागरातून, ओडिशा-छत्तीसगड करत येतो. मी तर हवामान खात्याचं बुलेटिन न् नागपूरचं डॉप्लर रडार एवढंच पाहतो.

सोनेगावकर
पाहाच की! पण धाग्याचा विषय तो नाही. क्रिकेटवाला ॲशेस पाहतोच ना.

ऊष्णगाभा
खरा प्रश्न गाभ्याचा, म्हणजे वादळाच्या मधल्या भागातल्या हवेचा आहे. नेहमीचं चक्रीवादळ खालपासून वरपर्यंत उबदार असतं आणि त्याला साधारण २६.५ अंशांचं पाणी लागतं. सबट्रॉपिकलचं खाली उबदार, वर थंड असं मिश्रण असतं. वरची हवा थंड असल्यामुळे २३-२४ अंशांच्या पाण्यावरही ढग उंच चढतात. म्हणून नुसता पाण्याच्या तापमानाचा नकाशा पाहून "इथं काही होत नाही" असं म्हणू नका. दुसरी खूण वाऱ्याची. सर्वांत जोरदार वारा केंद्राला चिकटून नसतो, बहुतेक वेळा शंभर किलोमीटरहून लांब असतो.

गाभ्यासाठी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या साइटवर रॉबर्ट हार्ट यांचे फेज डायग्राम आहेत. दिसायला जुनाट, मोबाइलवर वैताग येतो, पण याला तोड नाही. दोन आलेख असतात. ज्यात खालचा गाभा आणि वरचा गाभा एकमेकांसमोर मांडलेत, तो उघडा. ठिपक्यांची रेघ खालच्या बाजूनं उबदारकडे सरकली आणि वरच्या बाजूनं थंडच राहिली, की समजा गाडी सबट्रॉपिकलच्या वाटेला लागली. फक्त तो आलेख मॉडेलच्या अंदाजावरून काढलेला असतो. मॉडेल फसलं की आलेखही फसला.

ढगवेडा_नागपूर
हेच पाहिजे होतं! जीएफएस हे अमेरिकी मॉडेल आठवड्याभरानंतर तिथं मोठं हरिकेन दाखवून राहिलंय. कितपत धरायचं?

ऊष्णगाभा
धरायचंच नाही. पाच दिवसांपुढचं एकुलतं एक चित्र म्हणजे करमणूक. ट्रॉपिकल टिडबिट्स या साइटवर जीएफएस आणि युरोपियन मॉडेल, दोन्हींचे एन्सेंबल पाहा, म्हणजे सुरुवात जराशी बदलून तेच मॉडेल अनेकदा चालवलेलं असतं; त्यातली प्रत्येक फेरी एक सदस्य. बरेच सदस्य एकाच भागात लोभोवती वाऱ्याचा पूर्ण भोवरा दाखवत असतील तरच पुढं विचार करा.

वारा_मोजणी
समुद्रात बोया (तरंगती मोजणी यंत्रं) विरळ, विमानही इतक्या लांब सहसा जात नाही. म्हणून स्कॅटेरोमीटर, उपग्रहावरून समुद्रावरचा वारा मोजणारं रडार. युरोपच्या मेटॉप उपग्रहांवरचा ॲस्कॅट लाटांवरून परतलेल्या रडार लहरींवरून वारा काढतो. नोआ या अमेरिकेच्या हवामान-समुद्र संस्थेच्या साइटवर बाणांचे नकाशे मिळतात. ३४ नॉट, म्हणजे ताशी ६३ किमी, ही वादळाची पायरी. ॲस्कॅटच्या दोन पट्ट्यांमध्ये मोठी मोकळी जागा असते आणि आपलं लो नेमकं त्यातच सापडतं, हा अनुभव घ्यालच. आपल्या इस्रोच्या ईओएस-०६ उपग्रहावरही स्कॅटेरोमीटर आहे, २०२२ पासून.

आणि नाव मिळालं नाही म्हणून हिरमुसू नका. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळ एक लो होतं. तेव्हा त्याला वादळ म्हटलं नाही. मे महिन्यात फेरतपासणी झाल्यावर सेंटरनं सांगितलं की ते सबट्रॉपिकल वादळच होतं. ते आजही यादीत बिननावाचंच आहे. उलट २०२० च्या सप्टेंबरातलं अल्फा, एवढंसं सबट्रॉपिकल, नाव मिळालं त्याच दिवशी पोर्तुगालला धडकलं.

ढगवेडा_नागपूर
ड्युटीवाल्यानं वेळ कशी बसवायची?

सोनेगावकर
हरिकेन सेंटरचा आउटलुक, म्हणजे कुठे वादळ बनू शकतं याचा अंदाज, आपल्या घड्याळात पहाटे साडेपाच, सकाळी साडेअकरा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेअकराला येतो. संध्याकाळचा वाचा, तोवर तिकडची सकाळची चित्रंही आलेली असतात. रंगापेक्षा खालचा मजकूर वाचा. वरचा वारा आडवा येतोय का, कोरडी हवा शिरतेय का, ते तिथंच दोन ओळींत असतं. आणि ३० नोव्हेंबरपर्यंतच काय ते पाहून घ्या, सीझन संपला की रोजचा आउटलुकही बंद होतो.